सुरईवर १५९४ कोरलं होतं : माझे १,८५० युरो कसे गेले

१,८५० युरो. त्यातले ४०० बँकेतून पाठवले, १,४५० रोख मोजून हातात दिले. आकडा पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण गेले सात महिने मी तो घरात कोणालाच सांगितलेला नाही. नवऱ्याला ९०० सांगितले होते. भावाला काहीच सांगितलं नाही. बाबांना तर अजूनही वाटतंय की मी त्यांच्या पंचाहत्तरीला एक जुनी सुरई आणणार होते, पण विमानात फुटेल म्हणून आणली नाही.

मी अकरा वर्षं जर्मनीत, राइनलँडमध्ये राहतेय. बॉन-कोलोनच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत सात-आठ वर्षं फिरतेय. म्हणजे मी नवखी नव्हते, हे आधी सांगते, कारण ज्याला हे कळलं त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं, पण तू नीट बघितलं नाहीस का?" बघितलं होतं. वेस्टरवाल्ड या इथल्या कुंभारकामाच्या भागातली राखाडी-निळी भांडी माझ्या घरात पाच आहेत. सगळी ५ ते २५ युरोंची, विसाव्या शतकातली, आणि विसाव्या शतकातली म्हणूनच घेतलेली. मला जुन्या-नव्यातलं काहीच कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरीही फसले, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

ज्या वस्तूवर फसले ती बार्टमान. म्हणजे दाढीवाला माणूस. कोलोन आणि शेजारच्या फ्रेखेनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात अशा सुरया प्रचंड संख्येने भाजल्या गेल्या. फुगीर पोट, अरुंद गळा, गळ्यावर दाढीवाल्याचा चेहरा, पोटावर एखादं गोल पदक, आणि सगळ्यावर तपकिरी ठिपक्यांची मिठाची झिलई. भट्टी १,२०० अंशांच्या वर गेली की वरून मीठ टाकायचे. त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला धरतं आणि भांड्यावरच काच तयार होते. आत दारू ठेवा नाहीतर तेल, थेंब झिरपत नाही. म्हणून ही भांडी जहाजांवर चढली. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापाशी बुडालेल्या 'बाताव्हिया' या डच जहाजाच्या अवशेषांत अशा सुरया सापडल्या आहेत.

हे मला ठाऊक होतं, आणि तेच माझ्या मुळावर आलं. आम्ही वेंगुर्ल्याचे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, तिची पडकी इमारत आजही उभी आहे. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि दरवर्षी एका वर्गाला तिथे घेऊन जायचे. मी पहिल्यांदा बार्टमानबद्दल वाचलं तेव्हा फोनवर त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मगे गो, आपल्या वखारीत असलीच भांडी इली असतली." तेव्हापासून माझ्या मनात होतं की एक तरी खरी सुरई त्यांच्या हातात द्यायची.

गेल्या ऑक्टोबरात जाहिरात दिसली. 'फ्रेखेन, तारीख १५९४, आजोबांच्या वारशातून', २,४०० युरो. खाली नेहमीचं वाक्य, खासगी विक्री, हमी नाही, परत घेतलं जाणार नाही. इथे जुनी सायकल विकणाराही हे लिहितो, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. आणि किंमतीबद्दलही सांगते. "इतकी स्वस्त म्हटल्यावर संशय यायला हवा होता" असं मला दोघांनी ऐकवलं. स्वस्त नव्हती. खऱ्या बार्टमानला लिलावात आकार, चेहरा आणि अवस्था बघून काहीशे युरोंपासून काही हजारांपर्यंत मिळतात. २,४०० हा अगदी मधला, पटणारा आकडा होता. मी हावरटपणाने गेले नाही. मी घासाघीस करून १,८५० वर आणलं आणि बाहेर पडताना मला वाटलं की मी योग्य भावात घेतलं.

पुढची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. दुसरा एक गिऱ्हाईक रविवारी येतोय, राखून ठेवायची तर थोडी आगाऊ रक्कम पाठवा, उरलेले रोख आणा. ४०० पाठवले. ऑनलाइन पैसे 'मित्रांना पैसे' या प्रकारात, म्हणजे खरेदीचं संरक्षण न मिळणाऱ्या प्रकारात पाठवायला सांगणारे असतात, त्यांच्यापासून मी सावध होते. या विक्रेत्याने साधा बँक खाते क्रमांक दिला, स्वतःच्या नावाचा. तेवढ्याने मी निर्धास्त झाले. खातं खऱ्या नावाचं असलं म्हणजे माणूस खरं बोलतो असं होत नाही. हे आता कळतंय.

तिसऱ्या निरोपात त्याने विचारलं होतं, "तुमचं नाव भारतीय वाटतं. भारतात कुठल्या?" मी वेंगुर्ला सांगितलं, वखार सांगितली, बाबांचं सांगितलं, तीन परिच्छेद लिहिले. दोन दिवसांनी त्याने फोटो पाठवला. सुरईच्या मुठीला सुतळीने बांधलेली एक पिवळी चिठ्ठी, तिच्यावर फिकट शाईत 'विंगुर्ला', जुन्या डच कागदांत असतं तशा स्पेलिंगमध्ये. म्हणाला, आजोबांच्या काळापासूनची आहे, आम्हाला या शब्दाचा अर्थ कधी कळलाच नव्हता, तुमच्यामुळे कळला. मी तो फोटो पाहून ट्रेनमध्ये रडले होते. आता जाहिरातीतले सुरुवातीचे चार फोटो काढून बघते, तर एकाही फोटोत मुठीला चिठ्ठी नाही. जाहिरातीचे फोटो पहिल्याच दिवशी साठवून ठेवा. नंतर जे जे नवीन उगवेल ते त्यांच्याशी ताडून बघा. आणि तुम्ही कुठले, हे सौदा होईपर्यंत सांगू नका.

एक प्रमाणपत्रही होतं. थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचं. भाजलेल्या मातीत वर्षानुवर्षं आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते, नमुना तापवला की ती प्रकाश म्हणून बाहेर पडते, त्यावरून शेवटची भाजणी कधीची ते काढतात. चाचणी खरी आहे, तिच्यात खोट नाही. पण ती शतक सांगते, साल सांगत नाही. उत्तर कमी-अधिक काही दशकांच्या फरकाने येतं. माझ्या कागदावर होतं, '१५९४, अधिक-उणे ५ वर्षं'. एवढी अचूक चाचणी जगात कुठेही होत नाही. शिवाय स्टोनवेअरसारख्या घट्ट भाजलेल्या भांड्याचा नमुना घ्यायचा तर बुडाशी छोटंसं भोक पाडावं लागतं. सुरईला भोकच नव्हतं. मी नंतर प्रयोगशाळेला फोन केला. कागदावरचा क्रमांक त्यांचा नव्हताच. हा फोन मी आधी करू शकत होते, तीन मिनिटांचं काम होतं. तुम्ही करा. भोक कुठे आहे ते विचारा आणि कागदावर त्याच वस्तूचा फोटो आहे का ते बघा.

पण हे सगळं मी एक वेळ स्वतःला माफ करीन. ज्या क्षणाला माफी नाही, तो शनिवारी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरातला.

तिसरा मजला, टेबलावर लिंबांचं चित्र असलेलं मेणकापड, त्याच्या बायकोने कॉफी आणून ठेवलेली. दोघं सत्तरीच्या पुढची. त्याने सुरई दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवली आणि मला विजेरी दिली. मी गळ्यातून तर्जनी आत घातली. चेहऱ्याच्या मागे, आतल्या बाजूला, बोट खोलगट जागेत गेलं. नाकाच्या जागी खोल, दाढीच्या जागी लांबट. बाहेर जो चेहरा वर आलेला, तोच आत दबलेला. दह्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर उठावाचं नाव असलं की आतून कसं लागतं, तसं.

आता हे काय आहे ते सांगते. जुना कुंभार सुरई चाकावर ओढायचा. चेहरा वेगळ्या छोट्या साच्यात दाबून काढायचा आणि तयार गळ्यावर बाहेरून चिकटवायचा. त्यामुळे आत चाकाची वळी लागतात, गोल गोल, बोटाला स्पष्ट कळतील अशी, आणि चेहऱ्याच्या मागेसुद्धा भिंत सलग जाते. आत चेहऱ्याचा ठसा असेल तर पातळ माती पूर्ण साच्यात ओतून ती सुरई बनवली आहे. साच्याच्या आकाराबरोबर भिंतही आत-बाहेर वळते. १५९४ मध्ये फ्रेखेनमध्ये असं कोणी करत नव्हतं.

माझ्या बोटाला हे कळलं होतं. मी थांबलेही. आमच्या घरी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आजीने मला धुवायला लावल्या होत्या, पाचवीपासून. बाहेर काहीही असो, आत हात फिरवला की भिंत सलग लागते, हे माझ्या हाताला पाठ आहे. मी बोट तिथेच ठेवून त्याच्याकडे बघितलं. आणि त्याने ते ओळखलं. हळूच म्हणाला, "तुम्हाला लागलं ना? तो कुंभाराचा अंगठा आहे. ४०० वर्षांपूर्वी त्याने आतून दाबलंय."

माझ्या अंगावर काटा आला आणि मी बोट बाहेर काढलं. तिथे सगळं संपलं. मला वाटलं मी त्या कुंभाराच्या अंगठ्याला हात लावला. दीड हजार युरोंचं पाकीट पर्समध्ये होतं, उठून जाता आलं असतं, ४०० वर सुटले असते. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तेच बोट आठवतं. एखादी गोष्ट हाताला खटकली आणि लगेच समोरच्याने तिचं सुंदर कारण दिलं, तर पैसे काढू नका. बाहेर जा, एक रात्र जाऊ द्या.

बुडाकडे मी बघितलं होतं. मधोमध दोन रुपयांच्या नाण्याएवढा खरखरीत, मंद डाग होता. "भट्टीत चिकटलं होतं," तो म्हणाला. भट्टीत भांडी चिकटतात, डाग राहतात, हे खरं आहे, म्हणून मला पटलं. चाकावर फिरतं भांडं तारेने कापून काढलं की बुडावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा उमटतात. त्या इथे नव्हत्या. बूड सपाट आणि स्वच्छ होतं. मी तेही बघितलं आणि सोडून दिलं, कारण तोपर्यंत माझं ठरलं होतं.

सोमवारी एका मूल्यांकन करणाऱ्या बाईंकडे गेले. लेखी अभिप्रायाचे ८० युरो. त्यांनी सुरई हातात घेतली, बोट घातलं, काढलं, आणि मला बसायला सांगितलं. मग कापसाला द्रव लावून बुडावरचा डाग पुसला. कापूस तपकिरी झाला. भिंगाखाली समांतर ओरखडे दिसले, यंत्राच्या चकतीचे. तिथे बनवणाऱ्याचा शिक्का किंवा साच्याचा क्रमांक होता, तो घासून वर बुटाच्या पॉलिशसारखं काहीतरी चोळलेलं होतं. त्यांच्या मते वय साधारण पन्नास वर्षं, बाजारभाव ३० युरो.

"पण तारीख?" मी विचारलं. आता माझी चीड येते की मी तेव्हाही हे विचारलं. तारीख साच्यात असते. साचा जिवंत असेतो तीच तारीख उमटत राहते, खऱ्या जुन्या भांड्यांवरसुद्धा, म्हणजे १५९४ वाचलं तर फक्त एवढंच कळतं की वस्तू त्याआधीची नाही. आणि १८६०-७० नंतर तर जर्मनीत रेनेसाँ काळातल्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या धर्तीवरच्या वस्तूंची लाट आली. वेस्टरवाल्डमध्ये हॉर गावच्या राइनहोल्ड हांकेसारख्या कारखानदारांनी जुन्या नमुन्यांवरून, जुन्या तारखांसकट, हजारो भांडी काढली. ती चोरून नाही, उघडपणे, बुडावर क्रमांक घालून विकली. त्यांत मिठाची झिलईही खरी असते. म्हणून झिलई संत्र्याच्या सालीसारखी आहे एवढ्यावर कोणी वय सांगितलं तर ऐकू नका.

बाकी जे मी नंतर हॉर-ग्रेन्झहाउझेनच्या सिरॅमिक संग्रहालयात कपाटांसमोर तासन्‌तास उभी राहून शिकले, ते जसं आठवेल तसं लिहिते. राखाडी भांड्यावर निळ्याबरोबर जांभळा रंग असेल तर तो मँगनीजचा, आणि वेस्टरवाल्डमध्ये तो साधारण सतराव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो. जांभळा आणि तारीख १५८०, म्हणजे सरळ खोटं. 'जी आर' अक्षरांची मोहर इंग्लंडच्या जॉर्ज राजांची, म्हणजे १७१४ किंवा नंतरची. लिटरची खूण असेल तर जर्मनीत पेयपात्रांवर मापाची खूण सक्तीची करणारा कायदा १८८१ चा आहे. 'मेड इन जर्मनी' १८८७ च्या इंग्रजी कायद्यानंतर रुळलं, अमेरिकेला जाणाऱ्या मालावर देशाचं नाव १८९१ पासून. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. आणि जिथे शिक्का असायला हवा तिथे नेमका खरखरीत डाग असेल तर वस्तू खाली ठेवून घरी जा.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो.

पोलीस चौकीत मी सुरई बबल रॅपमध्ये गुंडाळून नेली. टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, बुडाचा शिक्का घासलाय, प्रमाणपत्र खोटं आहे, चिठ्ठी खोटी आहे. तो म्हणाला, "घासताना तुम्ही त्यांना पाहिलंत का?" मी गुंडाळी सोडायला लागले, तर म्हणाला, राहू द्या, आम्हाला भांड्यातलं कळत नाही. दुसऱ्यांदा गेले, दुसरा माणूस होता, त्यानेही सोडू दिली नाही. शेवटी तक्रार ऑनलाइन भरली, १४ फोटो, प्रमाणपत्र, लेखी अभिप्राय, सगळं जोडून. चार महिन्यांनी सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं दीड पानी पत्र आलं. फौजदारी प्रक्रियेच्या कलम १७०, उपकलम २ खाली प्रकरण बंद. कारण, विक्रेता म्हणतो वस्तू वारशाने आली आणि त्याला ती खरीच वाटत होती, उलट सिद्ध करता येत नाही. खोट्या प्रमाणपत्राबद्दल अख्ख्या पत्रात एक शब्द नाही. चिठ्ठीबद्दल नाही. ती सुरई सरकारच्या एकाही माणसाने उघडून पाहिलेली नाही. मी दोनदा घेऊन गेले आणि दोनदा तशीच गुंडाळलेली परत आणली.

बँक म्हणाली, पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झाले की त्याच्या संमतीशिवाय परत येत नाहीत. त्यांनी विनंती पाठवली, त्याने नकार दिला. जाहिरातवाले म्हणाले, तुम्ही आमची सुरक्षित पेमेंट सोय वापरली नाही. त्याचे जुने व्यवहार बघा, असं मी लिहिलं, तर उत्तर आलं की डेटा संरक्षणामुळे सांगता येत नाही. म्हणजे संरक्षण त्याला. ग्राहक म्हणून चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क दुकानाकडून दूरस्थ खरेदी केली तरच, खासगी माणसाकडून नाही. वकिलाने पहिल्या सल्ल्याचे १९० युरो अधिक कर, म्हणजे २२६.१० घेतले आणि सांगितलं ते हे : 'हमी नाही' हे वाक्य जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला वाचवत नाही, दिवाणी संहितेचं कलम ४४४ तसं स्पष्ट म्हणतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत करार रद्द करता येतो. पण त्याला माहीत होतं हे मला सिद्ध करावं लागेल, कोर्टाची फी आधी मी भरायची, कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाची आगाऊ रक्कमही मी भरायची, आणि जिंकले तरी त्याचं पेन्शन जप्तीच्या मर्यादेखाली असेल तर हातात काही येणार नाही. तो शांतपणे सांगत होता, त्याची चूक नाही. पण मी जिन्यातून उतरताना कठड्याला धरून उभी राहिले.

सुरई १,८५०, रेल्वे ३८.४०, अभिप्राय ८०, वकील २२६.१०. एकूण २,१९४.५० युरो. रुपयांत दोन लाखांच्या वर. एवढ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, माझं जाण्या-येण्याचं तिकीट, सगळं झालं असतं.

व्यवहार करायचाच असेल तर लेखी करार करा आणि त्यात 'फ्रेखेन, सोळावं शतक, मूळ' असं त्याच्या हाताने लिहून घ्या. माझ्याकडे फक्त 'एक सुरई, १,४५० रोख मिळाले' अशी पावती आहे. सोबत कोणाला तरी न्या, साक्षीदार लागतो. मी एकटी गेले, कारण नवऱ्याला किंमत कळू द्यायची नव्हती, आणि त्यामुळे त्या टेबलाशी ऐकलेलं 'कुंभाराचा अंगठा' हे वाक्य कोर्टात माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. लिंबांचं तेच मेणकापड. सुरई दुसरी, तारीख १६०२, किंमत २,१०० युरो. मी लगेच तिचे फोटो काढून दुसरी तक्रार पाठवली आहे. वकिलाने सांगितलंय की एक तक्रार गैरसमज ठरवून बंद करतात, पण तसंच दुसरं प्रकरण आलं तर जुनं पुन्हा उघडायला कारण मिळतं. राइनलँडमध्ये राहणाऱ्या, मराठी मंडळांत येणाऱ्या कोणाला गेल्या दोन वर्षांत त्या मेणकापडावर ठेवलेली दाढीवाली सुरई दाखवली गेली असेल, घेतली असेल किंवा नुसती चौकशी करून सोडली असेल, तरी त्याचे निरोप पुसू नका. स्वतः तक्रार द्या आणि मला कळवा. माझा तक्रार क्रमांक मी तुम्हाला देते, तो तुमच्या अर्जात लिहा. माझी सुरई मी विकलेली नाही, फेकलेलीही नाही. कोणीतरी एकदा ती उघडून बघेपर्यंत ती तशीच कपाटात राहणार आहे.